पहिलं काम कोणाचं

३ सप्टेंबर, मंगळवार

निवडून आलो! वॉर्डाच्या सभेसाठी आमच्या क्यालोनी गावाचे तिघं ठरले – पुरुषांतून मी, बायकांतून माझी वायुआ, तरुणांतून दुकानदार न्दोलोची मुलगी. नवरा-बायको दोघंही एकाच सभेला? मी उभा राहून हरकत घेतली. नियम तसा आडवा येत नाही, पण शोभत नाही, म्हटलं. न्दोलो बसल्या जागेवरून म्हणाला, "मास्तर, तुम्ही शब्द वाहता, ती पाणी वाहते. ओझी वेगळी आहेत. दोघांनाही जाऊ द्या."

सगळी सभा हसली. मीही हसलो. 

वायुआनं वाटेत एवढंच विचारलं की सभा किती वाजता सुटेल. म्हणजे पाण्याला त्या दिवशी आधी जायचं की नंतर.

५ सप्टेंबर, गुरुवार

यंदा वॉर्डाच्या वाट्याला मोठं काम एकच येणार. मागण्या पाच: आमच्या थ्वाना ओढ्यावर बांध, न्दुआनीच्या दवाखान्याला बाळंतपणाची खोली, चर्चच्या रस्त्याला मोरी, गुरं धुवायचा हौद, बाजाराला पत्र्याचं छप्पर. पाचही खऱ्या. एखादी खोटी असती तर किती सोपं झालं असतं!

चाळीस वर्षं मी व्यासपीठांवरून हेच ओरडत आलो – सरकार ओळखायचं असेल तर ते काय करतं ते पाहू नका, आधी काय करतं ते पाहा. 'करू' सगळेच म्हणतात. भूक, तहान, आजार – यांना रांगेत उभं करून ज्याच्या हातात पेन त्याच्या मेव्हण्याला पुढे घ्यायचं, हा इतिहास आहे. आता पेन थोडंसं आमच्या हातात आलंय. सात गावं, गावाला तिघं, एकवीस माणसं. ती ठरवणार पहिलं काम कोणाचं. याच्यासाठी मी लाठ्या खाल्ल्या आहेत.

बांधाच्या बाजूनं आकडे काढतोय. सगळी टिपणं नव्यानं लिहिली.

८ सप्टेंबर, रविवार

इथं खोटं लिहायचं नाही असं ठरवून ही वही सुरू केली होती. तर मग लिहितो.

मी बांध मागतोय तो क्यालोनीच्या तीनशे दहा घरांसाठी नाही. एका घरासाठी.

आज चर्चला जाताना तिनं डोक्याचा रुमाल नीट बांधायला काढला. कपाळावर खाच आहे. पाण्याचा डबा पाठीवर, त्याचा चामडी पट्टा कपाळावर – आमच्याकडे बायका असंच वाहतात, आई वाहायची, आजी वाहायची. पण वायुआची खाच इतकी खोल आहे हे मी एकेचाळीस वर्षांत आज पाहिलं. बोट ठेवलं तर बोट बसेल. ठेवलं नाही. धीर झाला नाही.

गाढव गेल्या दुष्काळात मेलं. तेव्हापासून पुन्हा पट्टा. पहाटे चारला निघते, नऊला येते. मी तोपर्यंत पेपर वाचतो. मी डबा उचलायला गेलो की बायका हसतात, आणि वायुआलाच त्यांच्यापुढे मान खाली घालावी लागते, म्हणून जात नाही – असं मी स्वतःला सांगतो.

शिक्षकांच्या संपाच्या दिवसांत मी तुरुंगात होतो, मोर्च्यात होतो, नैरोबीत होतो. ती पाण्याच्या वाटेवर होती. तिचं वय आता त्रेसष्ट.

बांध झाला तर पाणी हाकेच्या अंतरावर, थ्वानातच. ओढ्यात आडवी भिंत घालायची, पावसाचा लोंढा वाळू आणून मागे भरतो आणि वाळूच्या पोटात पाणी राहतं. उन्हाला दिसत नाही, म्हणून उन्हाला पिता येत नाही.

आयुष्यभर ज्यांनी कामं स्वतःच्या दारात ओढली त्यांना मी भर सभेत सोललं. आणि आता मी! फरक एवढाच की माझ्याकडे आकडे आहेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

भाषण बसवलं. चार मिनिटं होतंय. मिळणार दोन.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज पाहणी. मत देण्याआधी एकवीसही जणांनी पाचही जागा पायी हिंडून बघायच्या, ज्या गावात दुपार होईल त्यानं जेवू घालायचं – ही आमच्या वॉर्डाची रीत. सरकारी कागदात नाही, आम्हीच पाडली. ज्याच्या घरचं खाल्लं त्याचं काम वाईट म्हणणं जड जातं. म्हणून प्रत्येक गाव दुपार आपल्याकडे व्हावी म्हणून आम्हाला मुद्दाम सावकाश चालवतं!

दुपार न्दुआनीत झाली. बकरं कापलं होतं. वॉर्डाचा अधिकारी कासिमू, कोवळं पोर, पण रीतीचा पक्का, हातातली यादी न सोडता जेवला.

दवाखाना म्हणजे एक खोली. मध्ये पडदा. न्दुआनीकडून बोलणारी मुतानू नावाची मुलगी आहे, सव्वीसेक वर्षांची, तिथं साफसफाईला असते. बोलताना माणसाकडे बघत नाही, जमिनीकडे बघते. मी मनात म्हटलं, हिला मी दोन मिनिटांत झोपवीन. लगेच लाजही वाटली. पण आधी ते वाटलंच.

निघायच्या वेळी वायुआ दिसेना. दवाखान्यामागे एका म्हाताऱ्या सुईणीशेजारी बसली होती. दोघी घेवडा सोलत होत्या. काय बोलत होता, विचारलं. घेवड्याबद्दल, म्हणाली.

मग थ्वाना दाखवला. कोरडा. मी वाळूत हातभर खड्डा केला, ओल वर आली. सगळे वाकून बघत राहिले. उत्तम झालं!

२० सप्टेंबर, शुक्रवार

चुलीपाशी भाषण म्हणून दाखवलं. वायुआ मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती. एक मिनिट अठ्ठावन्न. कसं वाटलं?

"छान आहे," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मुसाऊचे बाबा, त्यातली ती बाई मीच ना?"

मी म्हटलं, सगळ्याच बायका.

उगाली ताटलीत उलटून ती म्हणाली, मग ठीक.

२१ सप्टेंबर, शनिवार

हरलो. अकरा विरुद्ध दहा.

क्रमानं लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

शाळेच्या पटांगणात दोन खुर्च्या. कासिमू दोन कामांची नावं घेतो, एकेका खुर्चीवर एकेका कामाचं चित्र ठेवतो, आणि ज्याला जे आधी व्हावंसं वाटतं त्यानं त्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. हात वर नाही, चिठ्ठी नाही. पायांनी मत. प्रत्येक कामाला प्रत्येकाशी भिडवायचं. आपल्या गावाचं काम आलं की आपण बाजूला बसायचं. शेवटी जी दोन उरतात त्या एकाच जोडीला सगळ्यांनी उभं राहायचं, आपलं-परकं नाही. त्याआधी दोघांना दोन-दोन मिनिटं.

उरली ती दोन – बांध आणि खोली.

मी बोललो. वाईट बोललो नाही. क्यालोनीची एक बाई पाण्यासाठी वर्षात जेवढं चालते तेवढ्यात मोंबासाला आठ वेळा जाऊन परत येता येईल – आणि तरी ती समुद्र पाहत नाही, तिच्या पाठीवर वीसच लिटर असतात! टाळ्या झाल्या. न्दोलोनं शिटी मारली.

मग मुतानू उठली. म्हणाली, "आमच्याकडे पडदा आहे. अलीकडे खोकल्याची माणसं बसतात, पलीकडे बाळंतीण असते. पलीकडचं अलीकडे ऐकू येतं. मला आणखी सांगता येत नाही." आणि तशीच उभी राहिली.

चाळीस सेकंदही झाले नव्हते. मला वाटलं, कासिमू तिला बसवील. पण त्यानं फोनमधलं घड्याळ थांबवलं नाही. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. ऐंशी सेकंद पटांगणात कुणी हललं नाही. बाया खाली बघत होत्या. इतकं लांब भाषण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"उभे राहा," कासिमू म्हणाला. मी बांधाच्या खुर्चीमागे पहिला. मागे पावलं येत होती, मी मोजत होतो. वळून पाहिलं तर न्दोलोची मुलगी होती, मोरीवाले दोघं होते, हौदवाले होते. वायुआ नव्हती.

ती समोरच्या रांगेत होती. शेवटून दुसरी. रुमाल नीट करत होती.

ती इकडे असती तर अकरा आमचे होते.

येताना न्दोलो म्हणाला, "मास्तर, अख्खा वॉर्ड फिरवलात, घर तेवढं राहिलं." कुणी हसलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

बोललो नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

तीही नाही. चहात साखर मात्र रोजच्यासारखीच, दोन चमचे, ढवळून.

२४ सप्टेंबर, मंगळवार

नऊला पाणी घेऊन आली. पट्टा काढला. मी ओट्यावर होतो. शेवटी मीच विचारलं. आवाज चढला – मला दुसरा आवाज येतच नाही. मी कोणासाठी मागत होतो तुला कळलं नाही? एकेचाळीस वर्षांत एकदा तुझ्यासाठी काही मागितलं आणि तूच –

ती डब्यापाशी खाली बसली. श्वास पुरा होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "कळलं म्हणून तर. पाणी मी आणू शकते, मुसाऊचे बाबा. अडलेल्या बाईला दवाखान्यात आणायला चार माणसं लागतात, खाट लागते, आणि तरी कधीकधी आम्ही दोन जीव घेऊन निघतो आणि एकच घेऊन परत येतो. मी पाच वेळा खाट धरली आहे. तुम्ही नैरोबीत होतात."

दोष देण्याचा सूर नव्हता. सांगण्याचा होता. तेच सोसवेना.

मग म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, आधी कोणाचं ते बघा. मी बघितलं."

माझं वाक्य! माझ्या घरात, माझ्याविरुद्ध, माझ्यापेक्षा चांगलं वापरलं.

दुपारी तिनं पाठीला तेल लावायला सांगितलं. लावलं. बोलणं सुरू झालं म्हणायचं.

२८ सप्टेंबर, शनिवार

घोटाळा!

दुपारी मुतानू आली. सात मैल चालत. पाणी दिलं तर अर्धाच पेला प्याली – आमच्याकडे पाणी कुठून येतं हे आता तिला माहीत आहे ना.

खोलीसाठी ठरलेली जमीन हेडमास्तर किथेकांची. कासिमूच्या कागदावर 'मालकाची संमती – आहे' असं लिहिलं होतं. संमती कशी? तर जूनमध्ये एका दफनविधीत न्दुआनीच्या सरपंचानं त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, त्यांनी मान हलवली. आता किथेका म्हणतात, मातीला आलेला माणूस सगळ्यालाच मान हलवतो. प्रार्थनेला हलवतो, पावसाला हलवतो. त्याला होकार म्हणता? जमीन मागायची तर घरी यावं, बसावं, चहा प्यावा. सही नाही.

सरपंच गेला, पाद्री गेला, कासिमू शिक्का घेऊन गेला. सगळे अंगणातूनच परत.

येत्या शुक्रवारी पाचपर्यंत सही वॉर्डाच्या कचेरीत पोचली नाही तर नियमाप्रमाणे पहिलं काम बाद. पैसा दुसऱ्याला.

दुसरं काम म्हणजे बांध.

मुतानू जमिनीकडे बघत म्हणाली, "मास्तर, तुमचं ते ऐकतील असं म्हणतात."

कोण म्हणतं कोण जाणे! किथेका आणि मी बावीस वर्षं बोललेलो नाही. संपाच्या वेळी साऱ्या तालुक्यात एकच शाळा उघडी राहिली, त्यांची. मी तीनशे शिक्षकांसमोर त्यांना साहेबाच्या उष्ट्यावरचं कुत्रं म्हणालो. त्यांची बायको गर्दीत होती. टाळ्या खूप पडल्या होत्या.

बघतो, म्हणालो. ती गेली.

वायुआ दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

३० सप्टेंबर, सोमवार

मला काहीही करायचं नाही. हेच भयंकर आहे. लाच नाही, खोटं नाही, एक शब्दही नाही. फक्त शुक्रवारपर्यंत ओट्यावर बसून पेपर वाचायचा. आणि थ्वानावर भिंत उभी राहील, आणि तिच्या कपाळाला पट्टा लागणार नाही.

आणि दोष किथेकांचा. जगात इतका स्वच्छ अन्याय करायची संधी कुणाला मिळते?

न्दोलो दुकानात डोळा मिचकावून म्हणाला, "मास्तर, तुमचा घसा बसलाय ना? आठवडाभर बसू द्या."

१ ऑक्टोबर, मंगळवार

वायुआ पाण्याहून आली ती पुन्हा बाहेर. महिला मंडळाचं काम, म्हणाली. संध्याकाळी परतली, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे. विचारलं नाही. माझ्याच डोक्यात गलबला.

२ ऑक्टोबर, बुधवार

जुनी गोष्ट आठवते आणि आत खुपते. त्या वर्षी किथेकांनी शाळा का उघडी ठेवली ते मला नंतर कळलं होतं. आठवीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. बाकीचे वर्ग त्यांनी बंदच ठेवले होते, आठवीची एकोणीस पोरं फक्त. साहेबाला भिऊन नाही. त्यांनी क्रम लावला होता. आधी पोरं, मग पगार. माझा क्रम वेगळा होता. पण त्यांचाही क्रमच होता – आणि मी त्यांना कुत्रं म्हणालो! हे कळूनही एकवीस वर्षं गेली. इतकी वर्षं मला सभा मिळाल्या, त्यांच्या घराची वाट मिळाली नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं. उद्या जातो.

थोर होऊन नाही. मी रात्रभर बांधाच्याच बाजूनं बोलत होतो, मनात, आणि दर वेळी ऐकणारी ती एकटीच होती, आणि दर वेळी ती उठून दुसऱ्या खुर्चीमागे जात होती. ज्या पाण्यासाठी मी तोंड मिटलं ते पाणी तिनं मला ओतून द्यावं? ते मला पिता येणार नाही.

चहापत्ती आणि दोन किलो साखर न्दोलोकडून घेतली. कोणाकडे निघालात, म्हणाला. सांगितलं. त्यानं साखरेची पुडी बांधता बांधता माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "म्हणजे बांध गेला." मी म्हटलं, यंदा गेला. पुढच्या सभेलाही मी जिवंत आहे.

वायुआला सांगितलं, उद्या न्दुआनीला जातोय. ती तांदूळ निवडत होती. बरं, म्हणाली. शर्ट धुवायला मागितला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

किथेकांच्या घरी बसलो. चहा झाला. भाषण पाठ केलं होतं, पहिल्याच वाक्यात विसरलो. त्यांच्या बायकोसमोर माफी मागितली, मोडक्या शब्दांत. मग खोलीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. आत जाऊन पेटीतून कागद आणला. सही होती. खाली तारीख – १ ऑक्टोबर.

म्हणाले, "तुझी बायको मंगळवारी येऊन गेली. बाकीच्यांनी मला सांगितलं, तिनं विचारलं. सही केली. तर म्हणाली, कागद शुक्रवारपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, मुसाऊचे बाबा स्वतः येतील. मी म्हटलं, आणि नाही आला तर? म्हणाली, तर चार वाजता मी येऊन कचेरीत पोचवीन – पण त्यांना कधी कळू देऊ नका."